ज्याचा त्याचा रिमोट

—नाही, नाही, अजिबात बसवू देऊ नका. तुमच्या मुलाला, देवांगला, माझं नाव घेऊन सांगा, मॉलमध्ये शोभा चौधरी म्हणून एक बाई भेटली, जळगावची, तिच्या मुलाच्या घरात आहे तो हीट पंप, आणि ती म्हणाली कॅन्सल कर. कंपनीचा माणूस भिंती मोजून गेला असला तरी कॅन्सल कर. बसा ना ताई, उभ्या का? तुमचं मराठी कानावर आलं म्हणून थांबवलं, नाहीतर इथे कोण कोणाला विचारतंय. अमेरिकेतलं एवढं मोठं सेंट पॉल शहर, आणि थंडीत म्हाताऱ्यांनी चालायचं कुठे, तर मॉलमध्ये – चपलांच्या दुकानापासून पॉपकॉर्नच्या दुकानापर्यंत आणि परत, घाण्याला जुंपल्यासारखं. माझी सून सोडते मला इथे, नेत्रा, तिची जिम होईपर्यंत. तुम्ही नाशिकच्या ना? मग तुम्हाला थंडी म्हणजे गोदावरीच्या कडेची थंडी माहीत. इथली थंडी ही थंडी नाही, हा सूड आहे. आणि असल्या सूडाच्या गावात ही आपली इंजिनिअर पोरं काय करतात, तर चांगली चालू असलेली शेगडी काढून टाकतात आणि तिच्या जागी एसी लावतात. एसीच तो! भिंतीवर वरच्या बाजूला पांढरा डबा, बाहेर अंगणात पंखा गरगरतोय, काय फरक आहे सांगा? फक्त उलटा लावलाय म्हणे.

मी विचारलं ना निमिषला, माझ्या मुलाला – अरे, गरम हवा येते कुठून? तर मला समोर बसवून शिकवायला लागला, ज्या आईने त्याला बे एके बे शिकवलं तिला. म्हणे आई, बाहेरच्या हवेत उष्णता असते, मशीन ती गोळा करून आत आणतं. बाहेरच्या हवेत! उणे वीस डिग्री, नाकातले केस गोठतात, आणि हा म्हणतो उष्णता असते. म्हटलं, असते ना, मग जा, बाहेर जाऊन बस, आम्हाला कशाला मशीन? हसला. म्हणे, फ्रीजच्या मागे हात लावून बघ, गरम लागतं की नाही, तसंच. म्हणजे आता आपण फ्रीजच्या मागच्या बाजूला राहतो असं समजायचं. सगळ्यांची हीच पोपटपंची – गॅस जाळायचा नाही, पृथ्वीचं भलं. बरं बाई, पृथ्वीचं भलं होऊ दे, माझ्या दह्याचं काय? हसू नका, खरंच सांगते. घर जुनं आहे त्यांचं, शंभर वर्षांचं असेल, तर आधी प्रत्येक खिडकीखाली लोखंडी रेडिएटर होते, तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी त्यातून फिरायचं. मागच्या खेपेला आले होते तेव्हा मी रात्री त्याच्यावर विरजणाचं पातेलं ठेवायची, सकाळी सुरीने कापावं असं दही. आन्याचे – नात माझी, आठ वर्षांची – तिचे ओले हातमोजे त्याच्यावर, निमिषचे मोजे त्याच्यावर, मी पाठ टेकून बसायची तेही त्यालाच. आता त्या डब्याला पाठ कशी टेकू, शिडी लावून? आणि मधूनच तो बंद पडतो, बाहेरचं मशीन फुसफुस करतं, वाफ सोडतं भुतासारखं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच, आग लागली! तर म्हणे नॉर्मल आहे आई, ते स्वतःवरचा बर्फ वितळवतंय. गरम करायचं सोडून स्वतःचंच अंग शेकतंय, असला हा कामगार.

काय? घर गरम राहतं का? राहतं की. राहतं हो, खोटं कशाला बोलू. उणे पंचवीसपर्यंत राहतं, मी बघितलंय. तीच तर तक्रार आहे माझी. नाही कळलं? थांबा, सांगते. मागच्या खेपेला, ते रेडिएटर होते तेव्हा, सगळ्या घराला मिळून एकच बटण होतं, जेवणाच्या खोलीत, भिंतीवर. निमिषला उकडतं, नेत्राला थंडी वाजते. हा जाता जाता सहासष्टवर आणणार – इथल्या मापात हो, आपल्या नव्हे – ती येता येता बहात्तरवर नेणार. दिवसभर तेच. "कोणी हात लावला?" "मी लावला, माझं घर नाही का?" असं चालायचं. मी म्हणायची, अरे लेकरांनो, बटण आहे ते, की रिमांड होममधला कैदी, दर तासाला हजेरी घेताय. पण भांडायचे कुठे? एका जागी. जेवणाच्या खोलीत. भांडता भांडता वाढून घ्यायचे, भांडता भांडता आन्याच्या ताटातली भेंडी संपवायचे. आता आले तर काय बघते – घर शांत. इतकं शांत की माझ्या बांगड्यांचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. प्रत्येक खोलीला वेगळा डबा, प्रत्येकाला वेगळा रिमोट. नेत्रा वरच्या मजल्यावर, दार लावून, बहात्तर. निमिष तळघराच्या खोलीत, त्याचं ऑफिस तिथे, आणि गादीही तिथेच – बासष्टला झोप छान लागते म्हणे. आन्या तिच्या खोलीत, माझी खोली माझी, माझा रिमोट माझा. वादच मिटला! निमिष अभिमानाने सांगत होता, आई, झोन केलेत, झोन, आता कोणाची कटकट नाही. झोन! मी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला काढली ताई, कानाला हेडफोन लावून. तारेवर दोन माणसं गप्प असतात ना, तेव्हा तार तुटलीय की माणसं रुसलीत की दोघांनी रिसीव्हर ठेवून दिलाय, ते मला नुसत्या खरखरीवरून कळायचं. मला काय झोन शिकवतोस.

तर मग जानेवारी. तुम्ही तेव्हा नव्हता, बरं झालं. आधी दोन दिवस जरा ऊब आली, छपरावरचा बर्फ वितळून पाणी गळायला लागलं, आणि वरच्या मजल्याचं जे मशीन मागच्या अंगणात, ते नेमकं पागोळ्यांखाली. शहाण्या कंपनीने तिथेच ठेवलं होतं. आणि तिसऱ्या दिवशी पारा जो कोसळला – उणे अठ्ठावीस, आपल्या मापात – ते मशीन आख्खं बर्फात गेलं. पंखा जागच्या जागी. काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा दिसत होता. वरच्या मजल्यावर श्वास दिसायला लागला. कंपनीला फोन लावला, तर म्हणे परवा येऊ, आख्खं शहर फोन करतंय. मी म्हटलं, काय रे निमिष, हवेतली उष्णता संपली वाटतं? खालच्या मजल्याचं मशीन पुढच्या अंगणात होतं, ते चालू होतं – पण तळघरातला डबाही त्या मागच्याच मशीनवर. मग काय! सगळे खाली, हॉलमध्ये. गाद्या आणल्या, रजया आणल्या, आन्याने तिची सगळी अस्वलं आणि ससे आणले. एक डबा, एक रिमोट. आणि नेत्राने तो उचलला, बहात्तर केलं, निमिष म्हणाला, "यार, नेत्रा, मी उकडून मरेन," आणि ती म्हणाली, "मग मर," – आणि मला, देवाशप्पथ सांगते, इतकं बरं वाटलं! मी लगेच शेवभाजी टाकली. जळगावहून शेव आणली होती ती जपून ठेवली होती, सगळी काढली. झणझणीत केली, नाक गळेपर्यंत. आन्या म्हणते, "आजी, धिस इज टू स्पायसी," आणि तरी भाकरीने पुसून खातेय. पत्ते खेळलो. निमिष मला बदाम सातमध्ये फसवतो लहानपणापासून, नेत्राने त्याला पकडलं, दोघं हसले. मी मनात म्हटलं, गोठू दे ते मशीन. महिनाभर गोठू दे.

मीच मग जेवणं झाल्यावर विषय काढला, कूलरचा. मुद्दामच काढला, का लपवू. आमच्याकडे जळगावला, निमिष लहान असताना, एकच कूलर – पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, हॉलच्या खिडकीत. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातं तिकडे, तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या समोर ओळीने आम्ही सगळे, मी, हे, सासूबाई, निमिष. आणि एकदा माझं ह्यांच्याशी बिनसलं. कशावरून ते नको विचारू... नको विचारायला तुम्ही. मोठं होतं. मी बोलणं टाकलं, आख्खा फाल्गुन गेला, चैत्र गेला. पण वैशाखात कूलर एक म्हटल्यावर जाणार कुठे? एके दुपारी कूलरमधलं पाणी संपलं, हे म्हणाले, "पाणी टाकतेस का?" मी म्हटलं, "तुम्हाला हात नाहीत का?" झालं. बोलणं सुरू. हे मी त्या पोरांना सांगितलं, हसत हसत, चांगलं रंगवून. आन्या हसली. नेत्रा पत्ते पिसत होती, ती पिसतच राहिली. आणि निमिष म्हणाला – हळूच म्हणाला, उद्धटपणे नाही – "आई, बोलायला लागलात हे मला आठवतंय. पण त्यानंतर तुम्ही सुखात होतात का?" काय प्रश्न आहे का हा? आईला विचारायचा? मी म्हटलं, डोंबलाचं सुख, सुख काय कूलरमधून येतं का, पंख्यासारखं? चव्वेचाळीस वर्षं संसार केला, शेवटी दवाखान्यात त्यांच्या उशाशी मीच बसले होते, दुसरी कोणी नव्हती आली बसायला. हे असं तोंडातून गेलं माझ्या, पोरीसमोर. जाऊ द्या. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. मी हीट पंपाबद्दल सांगतेय.

हां, तर दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. थंडी होतीच, पण ऊन स्वच्छ. निमिषने बाहेरचं मशीन बंद केलं वरून, आणि दोघं गेले मागच्या अंगणात, बर्फ काढायला. नेत्राने केस वाळवायचं यंत्र घेतलं, लांब वायर लावून, आणि निमिष कोमट पाण्याची भांडी नेतोय. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ती त्या पंख्यावर गरम हवा मारतेय, हा पाणी ओततोय, तिच्या बुटावर सांडलं, तिने त्याला बर्फ मारला, आणि हसताहेत दोघं – मनापासून हसताहेत हो, कॉलेजातल्या पोरांसारखे. मला वाटलं, झालं काम. जिंकले मी. एवढ्या मोठ्या समुपदेशकाकडे जातात म्हणे महिन्यातून दोनदा, तो आरामखुर्चीवाला शहाणा, त्याला जे जमलं नाही ते एका गोठलेल्या डब्याने केलं. मी आणखी एक पातेलं पाणी गरम केलं, शाल घेतली, आन्याचेच बूट अडकवले टाचा मोडून, आणि मागच्या दाराने पायरीवर गेले. आणि ऐकलं. काय करू, कान तसलेच आहेत माझे. नेत्रा म्हणत होती, हसतच म्हणत होती, "हे नीट शिकून घे हं, तुझ्या नव्या अपार्टमेंटलाही हेच आहे, तिथे कोण येणारे मदतीला?" आणि निमिष म्हणाला, "एप्रिलचं एप्रिलला बघू. आधी आई तर जाऊ दे."

...

भांडत असते ना, तर मी मध्ये पडले असते. भांडणात पडायला मला येतं. राग असता, रडारड असती, तर मी दोघांच्या कानशिलात दोन-दोन दिल्या असत्या आणि एका ताटात जेवायला बसवलं असतं. पण ते हसत होते, ताई. पुढचंही ऐकलं मी – सगळं ठरलेलं होतं, वाटण्या झालेल्या, आन्याचे वार ठरलेले – सोमवार-मंगळवार आईकडे, पुढचे बाबांकडे, असलं काहीतरी. आणि इतक्या दिवसांचा तो शांतपणा, ते "आई, चहा घेणार?" "आई, तुम्हाला खोलीत पुरेसं गरम आहे ना?" – ते सगळं माझ्यासाठी मांडलेलं. म्हातारी सहा महिन्यांसाठी आलीय, नवरा गेल्यावर पहिल्यांदाच आलीय, तिला कशाला त्रास. मी पातेलं पायरीवर ठेवलं आणि आत आले. पोळ्या लाटायला घेतल्या. मशीन सुरू झालं दुपारी. गाद्या वर-खाली आपापल्या खोल्यांत गेल्या. दार लागलं. बहात्तर, बासष्ट.

मग मी काय केलं? काय करणार. काही नाही केलं. नुसतं निमिषला म्हटलं, माझे गुडघे फार दुखताहेत रे, एवढा विमानप्रवास मला झेपायचा नाही एप्रिलमध्ये, मुक्काम वाढवायचा अर्ज करता येतो ना, तो कर. ऑक्टोबरपर्यंत राहीन म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं. ह्यांच्यासारखंच बघतो तो, भुवई न हलवता. म्हणाला, "बरं." केला अर्ज. आणि संध्याकाळी नेत्रा आली माझ्या खोलीत. ती अशी कधी येत नाही, दारातूनच विचारते. आली, पलंगावर बसली, म्हणाली, "आई, खरंच दुखताहेत का गुडघे?" मी म्हटलं, हो, दुखताहेत. "कधीपासून?" म्हटलं, त्या थंडीपासून, मागच्या पायरीवर उभी होते ना मी, पाण्याचं पातेलं घेऊन, तेव्हापासून. तिने माझ्या पायांवरची रजई नीट केली. मग उठली, तिळाचं तेल कोमट करून आणलं, आणि माझी साडी वर करून चोळायला बसली. तेव्हापासून रोज चोळते. रोज. एक दिवस चुकवत नाही, कामाचा फोन असला तर एका कानात ते बोंडुक घालून चोळते. न दुखणाऱ्या गुडघ्यांना, ताई. मी "हाय हाय" करते, ती "इथे का, इथे?" विचारते. निमिष दारातून बघून जातो. आणि इथे मॉलमध्ये आणते तेही त्यासाठीच, गुडघ्यांना चालणं चांगलं म्हणून. चांगलं नाटक आहे की नाही? आमच्या जळगावच्या नाट्यमंडळीला जमलं नसतं.

ऑक्टोबरनंतर? मला काय माहीत ऑक्टोबरनंतरचं. त्याने ते अपार्टमेंट सोडलं की धरून ठेवलंय, तेही मला माहीत नाही, मी विचारत नाही. परवा आन्या म्हणाली, "आजी, आर यू स्टेइंग फॉर माय बर्थडे? आणि हॅलोवीनला पण?" म्हटलं, हो गं, हॅलोवीन बघूनच जाईन, भुताचा वेष मला करायलाच नको. पोर खूश. कोणीतरी खूश आहे घरात. नेत्राचं म्हणाल तर... चांगली आहे हो ती. कोणी म्हणेल सासूची ब्याद, ढकलून द्यावी विमानात. पण तेल चोळताना परवा म्हणाली, खाली मान घालूनच म्हणाली, "आई, तुम्ही राहा. पण माझ्यासाठी राहा, त्याच्यासाठी नको, आमच्या दोघांसाठी तर नकोच." आता याचा अर्थ काय लावायचा? इंजिनिअर माणसं, साधं बोलतच नाहीत. मी म्हटलं, जरा डावीकडे चोळ, तिथे जास्त दुखतंय.

हात काढा तो. नाही, काढा. मला कोणी कुरवाळायची गरज नाही. तुम्ही मशीनबद्दल विचारलंत, मी मशीनबद्दल सांगितलं, आणि आता सगळ्या नाशिकला फोन करून हीट पंप सोडून बाकीचं सांगत बसू नका. आणि तुमच्या देवांगला काय, बसवायचं तर बसवू दे, मशीन काही वाईट नाही, पागोळ्यांखाली ठेवू नका म्हणावं, उंचावर ठेवा, एवढंच. त्याची बायको कशी आहे? बोलतात एकमेकांशी? जेवताना? – नका सांगू. मी उगीच विचारलं. ती बघा, पॉपकॉर्नच्या दुकानापाशी, निळ्या जॅकेटवाली, ती नेत्रा, ओले केस तसेच घेऊन आलीय, सर्दी होईल मेली. बघितलं तिने. तुम्ही आता निघा, ओळखबिळख नको करून द्यायला. नाही, थांबा, एक मिनिट – मला जरा हात द्या. दंडाला धरा, असं, घट्ट. सावकाश. तिच्यादेखत उठायला मला वेळ लागतो. – हां. झालं. सोडा आता. जा तुम्ही.